आमची वाटचाल: जुनी औषधं आणि दुर्मिळ आजार

आमचं मेडिकल वडिलांनी काढलं, सोलापूरच्या पूर्व भागात. गिऱ्हाईक म्हणजे यंत्रमागावरचे कामगार आणि विडी वळणाऱ्या बायका. काउंटरवर मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही चालायच्या. तापाची, दम्याची, गुडघ्याची औषधं आणि पगाराला फिटणारी उधारी, यावर घर उभं राहिलं. मी बी.फार्म. करून दुकानात बसलो तेव्हा वडिलांनी बजावलं होतं: जो माल फिरत नाही तो ठेवायचा नाही.

आज आमच्या दुकानाची ओळख त्या न फिरणाऱ्या मालावरच आहे.

सुरुवात प्रोप्रानोलॉलने झाली. एक आजी नातीला कडेवर घेऊन आल्या. पोरीच्या पापणीवर लालभडक फुगीर गाठ, डोळा अर्धा झाकलेला. चिठ्ठी पुण्याच्या बालरोगतज्ज्ञांची. मी स्ट्रिप पुढे ठेवली तशा आजी म्हणाल्या, "अहो, ही तर माझी धडधडीची गोळी. लेकराला कशाला?" मी डॉक्टरांना फोन लावून खात्री केली. डोस बाळाच्या वजनावर काढलेला होता, आणि दूध पाजल्यावरच द्यायचा होता, कारण उपाशीपोटी दिला तर रक्तातली साखर घसरू शकते. फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांना, हृदयासाठी हे औषध चालू असलेल्या बाळाची अशीच गाठ विरताना दिसली होती. २००८ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. आमच्या पोरीचाही डोळा काही महिन्यांत पूर्ण उघडला. त्या दिवसापासून कपाटातल्या जुन्या औषधांकडे मी वेगळ्या नजरेने पाहायला लागलो.

ती गाठ तशी दुर्मिळ नव्हे. दुर्मिळ आजार दारात आला तो सिरोलिमसच्या चिठ्ठीतून. अक्कलकोटकडच्या एक ताई, धाप लागते म्हणून बरीच वर्षं दम्याचे उपचार घेतलेल्या. निदान निघालं 'लॅम': बहुतेक बायकांनाच होणारा, फुप्फुसात पोकळ्या पाडणारा आजार. सिरोलिमस आम्हाला माहीत होतं ते मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांचं औषध म्हणून. त्याचं मूळ ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जिवाणूत. सुरेंद्रनाथ सेहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने ते वेगळं काढलं. त्यांच्या कंपनीने या औषधावरचं काम गुंडाळलं तेव्हा त्यांनी नमुना घरच्या फ्रीजरमध्ये जपला. १९९९ मध्ये अमेरिकेत ते प्रत्यारोपणासाठी मंजूर झालं, २०१५ मध्ये लॅमसाठीही.

याच औषधाने डॉ. डेव्हिड फेजेनबॉम यांचा जीव वाचवला. २०१० साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डॉक्टरकी शिकत असताना त्यांना कॅसलमन आजाराच्या जीवघेण्या प्रकाराने गाठलं. यात शरीराची प्रतिकारशक्तीच यकृत, मूत्रपिंडं निकामी करायला निघते. पाच वेळा ते मरणाच्या दारातून परतले. या आजारावरचं नवं औषध त्यांना लागू पडलं नाही, केमोने आलेला उतार टिकेना. तेव्हा त्यांनी स्वतःच्या रक्ताचे साठवलेले नमुने तपासायला घेतले. पेशींना वाढीचा हुकूम देणारी 'एमटॉर' यंत्रणा बेफाम झाल्याचं दिसलं. तिला आवर घालणारं सिरोलिमस तर बाजारात होतंच! २०१४ च्या सुरुवातीला त्यांनी ते सुरू केलं आणि त्यानंतर आजार दहा वर्षांहून अधिक काळ लांब राहिला. कॅसलमनच्या प्रत्येक रुग्णाला ते लागू पडतं असं मात्र नाही. २०२२ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत 'एव्हरी क्युअर' ही संस्था काढली. मंजूर असलेली सुमारे ४,००० औषधं सुमारे १८,००० आजारांशी संगणकावर ताडून पाहायची, आणि आशादायक जोड्या पुढे तपासायच्या, हे तिचं काम.

हे काम इतकी वर्षं कुणी का केलं नाही, ते औषधविक्रेत्याला लगेच कळतं. पेटंट संपलेल्या औषधावर नव्या चाचण्यांचा खर्च करून कंपनीच्या हाती काही लागत नाही. आमच्याकडे एमआर, म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, रोज येतात. जुन्या औषधाचा नवा उपयोग सांगायला आजवर एकही आलेला नाही, आणि मंजुरी नसलेल्या उपयोगाचा प्रचार कंपनीला करताही येत नाही. मग पेशंटच्या बाजूने उभं राहणार कोण? मला हे मनापासून लागतं.

अक्कलकोटकडच्या ताईंच्या वेळी एका स्टॉकिस्टने (घाऊक विक्रेत्याने) सांगितलं, "दोन डब्यांसाठी माल पाठवणं परवडत नाही." आम्ही पुण्याहून थेट मागवायला लागलो. वडील पहिल्यांदा चिडले, मग त्यांनीच वही घातली: कुणाची स्ट्रिप कधी संपते, कोणता ब्रँड चालू आहे, औषधाची रक्तातली पातळी कधी तपासायची आहे. विल्सन आजारासाठी (यात शरीरात तांबं साठत जातं) पेनिसिलामाइन आणि झिंक, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी हायड्रॉक्सीयुरिया ही औषधंही त्याच वहीवर ठेवतो. काही माल एक्स्पायर होतो. ते नुकसान आम्ही बाकीच्या धंद्यातून भरून काढतो.

मुंबईच्या केईएममध्ये सरकारी धोरणानुसार दुर्मिळ आजारांचं केंद्र आहे. आमचे काही पेशंट सिद्धेश्वर एक्स्प्रेसने तिथे जातात. निघण्याआधी चालू औषधांची यादी आम्ही मराठीत आणि इंग्रजीत लिहून देतो. विजयपूर, कलबुर्गीकडूनही लोक येतात. औषध संपायच्या पंधरा दिवस आधी फोन करा, ताजी चिठ्ठी आणा. चिठ्ठीशिवाय यातलं एकही औषध आम्ही देत नाही, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय ब्रँड बदलत नाही.