नवख्याला झेपेल का?

नवा अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनचा, सिनेमा आला की चाहत्यांच्या घोळक्यात तो चांगला की वाईट यावर नंतर भांडण होतं. आधी होतं ते नवख्याला झेपेल का यावर. कुणीतरी भाबडेपणानं विचारतं, "माझी बहीण यातलं काहीच बघत नाही, तिला आणू का?" एक जण म्हणतो, बिनधास्त आण. दुसरा म्हणतो, आण, पण आधी पहिला सीझन दाखव. तिसऱ्याच्या मते पहिला सीझन पुरायचा नाही. मध्ये एक सिनेमा आहे तो हवाच, त्यानंतरचे एपिसोडही हवेत, फक्त मधले काही भाग गाळले तरी चालतील, ते निव्वळ भरताड आहे. चौथा वादात पडत नाही, थेट यादी पाठवतो. रविवारी दुपारी दोन तास मोकळे होते म्हणून ज्या बहिणीचं नाव निघालं, तिच्यापुढे आता महिनाभराचा अभ्यासक्रम येऊन पडलेला असतो. ती शहाणी असेल तर दुसराच सिनेमा बघून येते.

मला हा वाद मनापासून आवडतो आणि मी त्यात हिरिरीनं भाग घेते. माझं मत ठाम आहे, पण ते सांगण्याआधी यादीवाल्यांची बाजू मांडायला हवी, कारण ती अगदीच पोकळ नाही.

'डीमन स्लेअर' या मालिकेचा 'मुगेन ट्रेन' हा सिनेमा घ्या. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये तो जपानात लागला. त्याआधी टीव्हीवर २६ भागांचा एक सीझन होऊन गेला होता आणि त्याची गोष्ट जिथं थांबली तिथूनच हा सिनेमा सुरू होतो. 'मागील भागात आपण पाहिलं' वगैरे भानगड नाही. एक मुलगा पाठीवर लाकडी पेटी घेऊन आगगाडीत चढतो. पेटीत त्याची बहीण, तिच्या तोंडात बांबूचं नळकांडं. सोबत एक सतत किंचाळणारा पोरगा आणि दुसरा डोक्यावर रानडुकराचं मुंडकं चढवलेला, जो इंजिनाला जनावर समजून त्याच्या अंगावर धावून जातो. आता नवख्यानं यातून काय समजायचं? सगळं पाहून यायचं म्हटलं तर दहा तासांची बेगमी करायला हवी.

आणि तरीही या सिनेमानं जपानात ४००० कोटी येनांहून जास्त गल्ला जमवला. दिग्दर्शक हायाओ मियाझाकींच्या 'स्पिरिटेड अवे'नं २००१ पासून सांभाळलेला विक्रम त्यानं मोडला. एवढी तिकिटं फक्त गृहपाठ करून आलेल्यांनी काढली असतील, हे माझ्या तरी पचनी पडत नाही.

मला यामागचं कारण सिनेमाच्या कथेतच दिसतं. गाडीत एन्मू नावाचा राक्षस आहे. तो प्रवाशांना झोपवतो आणि ज्याला जे हवं ते स्वप्नात दाखवतो. तांजिरोला, म्हणजे त्या पेटीवाल्या मुलाला, बर्फातलं आपलं घर दिसतं. दोन भावंडं समोरून येतात आणि हा पोरगा त्यांना मिठी मारून ओक्साबोक्शी रडायला लागतो. ती दोघं गांगरतात, याला झालंय काय! नवख्यानं पहिला एपिसोड पाहिलेला नसला तरी त्याला या एका मिठीत सगळं कळतं: ही माणसं आता जगात नाहीत. वेगळं काही सांगावं लागत नाही. पुढे तो स्वप्न आहे हे ओळखून त्या घराकडे पाठ फिरवून धावत सुटतो, तेव्हा तो काय सोडून निघालाय हे नवख्यालाही चाहत्याइतकंच ठाऊक असतं.

दुसरी गोष्ट रेंगोकूची. जळत्या निखाऱ्यांच्या रंगाचे केस, डोळे टक्क उघडे, शेजारी रिकाम्या डब्यांची चळत आणि प्रत्येक घासाला 'झकास! झकास!' अशी आरोळी. हा माणूस चाहत्यांनीही टीव्हीवर सीझनच्या शेवटी शेवटी ओझरताच पाहिलेला. म्हणजे ज्याच्यावर सिनेमाचा सगळा भार आहे, त्याची ओळख चाहत्याला आणि नवख्याला जवळपास एकाच वेळी होते. दहा तासांचा गृहपाठ करून गेलेल्याला इथं फारसा फायदा नाही.

शेवटच्या टप्प्यात मात्र यादीवाले जिंकतात. खलनायकाचा निकाल लागला, आता घरी जायचं, असं वाटत असताना आकाशातून पडल्यासारखा आणखी एक जण येऊन उभा राहतो. चाहते खुर्चीत ताठ होतात. नवखा घड्याळ बघतो. "हा कोण आता?" या प्रश्नाला सिनेमात फार समाधानकारक उत्तर नाही, हे मान्य.

हा प्रश्न ज्याला विचारला जातो, त्या शेजारच्या चाहत्याविषयीही बोलायला हवं. नवख्याला घेऊन आलेला चाहता स्वतः धड सिनेमा बघत नाही. त्याचं अर्धं लक्ष पडद्यावर आणि अर्धं शेजारच्या चेहऱ्यावर. हसली का? रडली का? जांभई दिली की काय? दुसऱ्याच्या नातेवाइकांच्या गराड्यात आपण सापडतो, कुणीतरी कुठल्यातरी काकाचं नाव घेतो, सगळे खो खो हसतात आणि आपल्याला आणणारा आपल्या कानाशी लागून त्या काकाचा इतिहास सांगू लागतो, तसा हा चाहता कुजबुजत राहतो. "थांब, हा आधी त्यांच्या बाजूनं होता." "ही तलवार लक्षात ठेव." "आता बघ हं, आता." त्या 'आता बघ'नं जेवढे प्रसंग वाया गेलेत तेवढे पूर्वकथा न कळल्यानं गेले नसतील. काका कोण हे नाही कळलं तरी पाहुण्याचं काही अडत नाही. लोक का हसले हे त्याला सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावरून कळलेलं असतं.

खरं म्हणजे नवख्याला झेपेल का, हे ठरवायला चाहत्याइतका नालायक पंच दुसरा नाही. त्याला सगळं माहीत आहे आणि माहीत असलेलं विसरता येत नाही. तो मनातल्या मनात सिनेमातून एकेक माहिती वजा करत जातो: हे नाव कळणार नाही, तो संदर्भ जाणार, त्या दोघांचं जुनं वैर लक्षात येणार नाही. बाकी काहीच उरत नाही असा त्याचा हिशेब निघतो. नवखा मात्र वजाबाकी करत बसलेलाच नसतो. त्याच्यासमोर एक माणूस येतो, त्याला काहीतरी हवं असतं, ते मिळत नसतं. एवढं मिळालं की तो तासभर नावांशिवायही बसू शकतो.

काही मालिका या बाबतीत फार शिस्तीच्या असतात. 'डिटेक्टिव्ह कॉनन'चे सिनेमे १९९७ पासून जवळजवळ दरवर्षी येतात, आणि दर वेळी सुरुवातीला कॉनन स्वतःच्या तोंडानं सगळं पुन्हा सांगतो: मी शाळकरी गुप्तहेर, मला विष पाजलं, त्यानं मी लहान मुलगा झालो, हे माझे मित्र, हे माझे शत्रू. पाठांतर झालेल्या चाहत्यांना याचा कंटाळा यायला हवा, पण माझ्या ओळखीचे कॉननवाले ते ऐकताना ओठ हलवत असतात. उलट १९७९ च्या 'कॅसल ऑफ कॅग्लिओस्त्रो'मध्ये मियाझाकींनी अशी ओळख वगैरे करून दिली नाही. मूळ मांगातला, म्हणजे जपानी चित्रकथेतला, नायक लुपाँ हा चोर बराच छचोर. यांनी त्याला सभ्य, थोडा हळवाच केला. नवख्याला तो पाहताक्षणी आवडतो. कडव्या चाहत्याच्या कपाळावर आठी येते ती वेगळी.

काही सिनेमांच्या वाटेला नवख्यानं जाऊच नये, हेही सांगून टाकते. १९९७ चा 'एंड ऑफ इव्हँजेलियन' हा त्यातला. टीव्ही मालिकेच्या शेवटच्या दोन भागांच्या जागी बसणारा तो शेवट आहे, आणि शेवट तेवढा पाहून कुणाचं भलं होत नाही. तिथं जुनाजाणताही नवख्याइतकाच गोंधळतो, फक्त जुन्याला तो गोंधळ आवडलेला असतो.

बाहेरच्या लोकांचा प्रश्न वेगळाच असतो. चित्रं आहेत म्हणजे मुलांचं असणार, या समजुतीनं ते निघालेले असतात. कळेल का याची त्यांना चिंता नसते. चिंता आपण करायची, की यांना सोसेल का. १९८८ साली जपानात 'माय नेबर तोतोरो' आणि 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' हे दोन सिनेमे एकाच खेळात जोडीनं दाखवले गेले. एकात गुबगुबीत वनदेव आणि मांजराची बस. दुसऱ्यात युद्धात अनाथ झालेली भावंडं, भूक आणि मरण. तोतोरो आधी बघून दुसरा नंतर बघणाऱ्यांची घरी जाताना काय अवस्था झाली असेल याचा विचार मी अधूनमधून करते. दोन्हींना पूर्वकथा शून्य लागते. यादीवाल्यांच्या हिशेबानं दोन्ही 'नवख्यांसाठी उत्तम'! सातोशी कोन यांचा 'परफेक्ट ब्लू' हा अंगावर येणारा थरारपटसुद्धा त्याच हिशेबात बसतो, आणि तो पोरांना घेऊन पाहायला गेलेल्या पालकाची मला कल्पनाही करवत नाही.

सबटायटल की डब, या वादात मी पडत नाही. त्यात आयुष्यं गेलीत.

माझं मत पक्कं झालं ते 'द फर्स्ट स्लॅम डंक'ला. बास्केटबॉलवरची ही मांगा १९९० ते १९९६ या काळात चालली. टीव्हीवरची मालिका तिचा सगळ्यात मोठा सामना न दाखवताच संपली. तो सामना पडद्यावर यायला २०२२ चा डिसेंबर उजाडला, आणि लेखन-दिग्दर्शन खुद्द मांगाकार ताकेहिको इनोउए यांचं. चाहत्यांची इतक्या वर्षांची भूक. त्यात प्रदर्शनाच्या तोंडावर कळलं की आवाजाचे कलाकार बदललेत, म्हणजे आधीच पित्त खवळलेलं. अशा सिनेमाला मैत्रिणीची आई आमच्याबरोबर यायला निघाली. आम्ही परोपरीनं सांगून पाहिलं. "काकू, तुम्हाला काही कळायचं नाही." काकू म्हणाल्या, "नाही कळलं तर झोपेन. गार असतं ना आत?"

सिनेमा सुरू होतो तो पेन्सिलच्या रेघांनी. कोऱ्या कागदावर एक खेळाडू रेखाटला जातो, रेघ पुरी होते आणि तो चालायला लागतो. मग दुसरा, तिसरा, असे पाच. आमच्या रांगेत प्रत्येक आकृतीला हुंकार उठत होता. काकू शांत. पण इनोउए यांनी एक भलतीच गोष्ट केली होती. मांगाचा नायक तांबड्या केसांचा साकुरागी. सिनेमा त्यांनी दिला रियोता मियागीला, पाचांतल्या सगळ्यात बुटक्याला. त्याचा मोठा भाऊ लहानपणी समुद्रात गेला तो परतलाच नाही. घरात आई, धाकटी बहीण आणि हा. आईला आणि याला एकमेकांशी बोलता येत नाही. मोठ्या सामन्याआधी रियोता आईला पत्र लिहायला बसतो, लिहिलेलं चुरगाळतो, पुन्हा लिहितो. हे मांगात नव्हतं. म्हणजे आम्हीही इथं काकूंइतकेच नवखे, किंबहुना जास्तच, कारण आमच्यातले दोघे-तिघे 'साकुरागी कुठंय' म्हणून चुळबुळत होते. काकू मात्र पुढे झुकून त्या आईकडे बघत होत्या.

शेवटच्या काही सेकंदांत सगळा आवाज जातो. गोंगाट, बुटांची करकर, सगळं बंद. साकुरागी हात तयार ठेवून पासची वाट बघतो आणि त्याचे ओठ हलतात. तो काय पुटपुटतो हे मांगा वाचलेल्याला तोंडपाठ आहे, म्हणून ते ऐकवलंच नाही. आमच्या रांगेत प्रत्येकाला ते ऐकू आलं. काकूंना नाही आलं. त्यांना वाटलं थिएटरचं काहीतरी बिघडलं. असं त्यांनी नंतर सांगितलं. त्या क्षणी त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की वळ उठला.

बाहेर आल्यावर आम्ही आवाजाच्या कलाकारांवर भांडत होतो. काकू म्हणाल्या, "चुरगाळलेला कागद त्या आईला कधीतरी सापडायला हवा होता." आमच्यातल्या कुणाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं.

त्यामुळे 'डीमन स्लेअर'चा 'इन्फिनिटी कॅसल' आला तेव्हा काकूंनी आपणहून विचारलं, "येऊ का?" आणि आमची पंचाईत झाली. हा तीन सिनेमांतला पहिला, १५५ मिनिटांचा. टीव्हीवर सगळे अथांग किल्ल्यात कोसळत असताना गोष्ट थांबली होती, ती इथं कोसळतानाच सुरू होते. डझनभर माणसं, त्यांची डझनभर वैरं. चाहते तक्रार करतात की ऐन मारामारीत फ्लॅशबॅक फार येतात. मला विचाराल तर नवख्याला धरायला त्यात दोर असेल तर तेवढाच, विशेषतः आकाझाच्या, म्हणजे 'मुगेन ट्रेन'च्या शेवटी येऊन उभ्या राहिलेल्या त्या राक्षसाच्या, भूतकाळाचा. पण तो दोर हाती लागेपर्यंत काकूंचा निम्मा सिनेमा झोपेत गेला असता. आयुष्यात पहिल्यांदा मी यादीवाल्यांच्या बाजूनं मत दिलं. "काकू, हा नको. आधीचं बघा."

काकू आता दुसऱ्या सीझनवर आहेत. रोज एक भाग, दुपारचा. किंचाळणारा झेनित्सू त्यांना अजिबात सहन होत नाही. तो आला की आवाज बंद करतात आणि चित्र नुसतं बघतात. 'मुगेन ट्रेन' त्यांनी मधल्या क्रमानं, यादीप्रमाणे पाहिला आणि शेवटच्या टप्प्यात तो दुसरा राक्षस उतरला तेव्हा मला फोन केला. "हा कोण आता?" मी म्हटलं, काकू, सगळं पाहून झालंय ना तुमचं? म्हणाल्या, "झालंय गं. म्हणून तर विचारतेय."