चौदा नंबरचं रोप

गांजाची जुनी वाणं परवान्याने जपणाऱ्या एका बीजसंग्रहात मी काम करते. बाहेरच्यांना वाटतं त्याहून यात कागदपत्रं फार. छाटलेल्या फांदीचंही वजन करून नोंदवावं लागतं. त्या दिवशी मात्र वहीत काय लिहावं हेच मला कळेना.

पाकिटावर ‘हिंदुकुश’ एवढंच होतं. १९७०च्या दशकात प्रवाशांनी तिकडून आणलेलं बी, पुढे कुणाकुणाच्या बागांतून फिरत आमच्याकडे आलेलं. बी म्हातारं झालं होतं, ४० पैकी २२ दाणे उगवले.

हिंदुकुशच्या रोपाची ओळख आमच्या तक्त्यात आहे, ती आम्हाला तोंडपाठ असते: बुटकं, पेरं आखूड, पर्णिका (पानाची एकेक बोटं) रुंद आणि गर्द हिरव्या. डोंगरात थंडी लवकर येते, म्हणून दिवस लहान होऊ लागले की हे रोप घाई करतं आणि ८-९ आठवड्यांत पिकतं. फुलोरा गच्च, राळ (जिचा चरस होतो) कोरडी. अफगाणिस्तानात ही राळ चाळून काढतात, हिमालयासारखी हातावर मळून नाही. चाळणीला सोपी जाणारी रोपंच तिथे पिढ्यान्पिढ्या बियाण्याला राहिली असावीत. थायलंडचं रोप याच्या अगदी उलट. तिथे दिवसाची लांबी फारशी बदलत नाही आणि हिमाची धास्ती नाही, त्यामुळे झाड ३-४ मीटर चढतं, पर्णिका बोटभर लांब पण काडीसारख्या, आणि पिकायला तीन महिने सहज लागतात. फुलोरा विरळ असतो, म्हणून दमट हवेत तगतो. अफगाणी कणसं त्याच हवेत आतून सडतात.

तिसऱ्या आठवड्यात मी पाच रोपं उपटली. पर्णिका अरुंद होत्या, तक्त्यात बसत नव्हत्या. ‘भेसळ’ असं लिहून मोकळी झाले. चौदा नंबर मागच्या कोपऱ्यात होतं, म्हणून निसटलं.

फुलोरा यावा म्हणून दिव्यांचे तास बारावर आणल्यानंतर ६३व्या दिवशी बाकीच्या माद्या पिकल्या होत्या. फुलांचे तंतू तपकिरी, दाणे भरलेले. चौदा नंबर मात्र त्यांच्या दुप्पट उंच, आणि अजून पांढरे तंतू काढत होतं. ज्येष्ठ सहकारी बघून म्हणाले, "भेसळ आहे, काढून टाका." त्यांचा अनुभव माझ्याहून मोठा आहे, पण तक्त्यावरचा त्यांचा विश्वास मला पटत नाही.

भेसळ असेलही. या पिकात नर-मादी वेगळे, पराग वाऱ्यावर कितीतरी किलोमीटर जातो. कुणाच्या तरी बागेत परका नर फुलला असेल. पण शेतकऱ्याकडचं गावरान वाण कधी एकसारखं नसतंच. एकाच शेतात लवकरचं, उशिराचं, रुंद, अरुंद सगळं उभं असतं. आणि तक्ता तरी कुठला? लामार्कने १७८५ मध्ये ‘इंडिका’ हे नाव दिलं ते भारतातल्या अरुंद पानांच्या रोपाला. आज बाजारात तेच नाव रुंद पानांच्या अफगाणी रोपाला चिकटलंय, आणि आमचा तक्ता त्याच बाजारी चित्रावरून उतरवलेला. डीएनए तपासूनही हा गुंता सुटेना, कारण तुलनेला ठेवलेले नमुने अशाच पाकिटांतून आलेले आहेत.

टोचणी वेगळीच आहे. पराग गोळा केला तो आधी फुललेल्या नरांचा. उशिरा फुलणारा एखादा नर त्या पाचांत असेल, तर तो मीच उपटला. माझ्या आधी ज्यांच्या हातून हे बी गेलं त्यांनीही हेच केलं असणार. उंच, रेंगाळणारी झाडं कुणाला परवडतात? प्रत्येक पेरणीत पाकीट थोडं थोडं तक्त्यासारखं होत गेलं.

चौदा नंबर मी ठेवलं. फ्रीजमधला पराग लावला, तोही लवकरच्याच नरांचा, दुसरा नव्हताच. पाच आठवडे जादा दिवे जाळावे लागले, त्यावरून बोलणी खाल्ली. २७ दाणे मिळाले. वेगळ्या पाकिटावर आधी ‘भेसळ?’ लिहिलं, मग खोडलं, आणि लिहिलं: ‘हिंदुकुश, उशिराचं, अरुंद पानं. सोबतची पाच रोपं लहानपणीच काढली, नोंद माझी.’

ज्येष्ठांनी त्यावर अजून सही केलेली नाही.