आमची वाटचाल : सहा चौकोन, आठ त्रिकोण

आम्ही न जोडलेले आकाशकंदील विकतो. जोडायचे मुलांनी. बेळगावच्या शहापुरात माझ्या माहेरी मागाची खोली आहे. माग केव्हाच निघाले, आता तिथे पुठ्ठ्याच्या थप्प्या लागतात.

त्याआधी मी बालवाडीत शिकवायची. वीसपर्यंतचे अंक मुलं घडाघडा म्हणत. पण समोर बारा चिंचोके ठेवले, की बोट लावून ‘बारा’पर्यंत येत, आणि ‘मग किती आहेत?’ विचारलं की पुन्हा एकपासून सुरू. एकानं तर वैतागून विचारलं, “बाई, परत मोजू काय?” शेवटी म्हटलेला आकडा म्हणजेच एकूण, हे घोकून येत नाही. मोजण्याची गरज पडावी लागते.

आमच्याकडे दिवाळीला वडील कामट्यांचा कंदील बांधायचे. तसाच पुठ्ठ्याचा करून बघितला. सहा चौकोन, आठ त्रिकोण, सगळ्यांच्या कडा सारख्या लांबीच्या, कडांना भोकं आणि ओवायला लेस. नियम एकच: चौकोनाच्या चारही बाजूंना त्रिकोण, त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंना चौकोन. चौकोनाला चौकोन कधीच लागत नाही. एक तुकडा भलतीकडे गेला, तर शेवटी घेर मिटतच नाही. मग ‘चुकलं’ असं कुणी सांगायची गरज उरत नाही, पोर आपणच उसवायला बसतं. आठ त्रिकोण आहेत का, हे ओवण्याआधी मोजून घ्यायची सवयही तिथूनच लागते.

खालच्या चौकोनाला नुसती चौकट, तिथून बल्ब आत जातो. त्या चौकटीच्या प्रत्येक बाजूला तीन झिरमिळ्या, सगळीकडून एकाआड एक लाल आणि पिवळी. बारा पुऱ्या झाल्या तर रंग बरोबर जुळतात. एक कमी पडली की शेवटी लालाशेजारी लाल येते. त्या वयाला एवढं गणित पुष्कळ आहे. आकडे छापलेले रंगीत तक्ते आम्ही संचात घालत नाही. पालक मागतात, तरी नाही.

धंदा म्हणून मात्र हे सोपं गेलं नाही. परतीच्या पावसात खानापूरकडे माल पोचेपर्यंत पातळ पुठ्ठ्याला बाक यायचा. जाड घेतला तर लहान बोटांना लेस ओढवेना. मधली जाडी सापडली, मग प्रेसमध्ये डाय, म्हणजे तुकडे कापायचा आणि भोकं पाडायचा साचा, करून घेतला. त्याच्याआधी भोकं आम्ही घरीच हातपंचनं पाडत होतो, मनगटं सुजायची. एका घाऊक व्यापाऱ्यानं दिवाळी झाल्यावर निम्मा माल परत पाठवला, पैसे अजून यायचेत. तेव्हापासून उधारी बंद.

१ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. आमच्यासारख्यांना तपासणीचा खर्च झेपणारा नव्हता. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या वस्तूंना यातून सूट आहे, म्हणून आम्ही सगळ्यांनी आधी कारागीर ओळखपत्रं काढली. कागदपत्रांचा हेलपाटा झाला, पण बायकांच्या हातात स्वतःच्या नावाचं कार्ड आलं, हे मला विक्रीपेक्षा मोठं वाटतं.

पॅकिंगला बसणाऱ्यांत काहीजणी ‘ओंदु, एरडु, मूरु’ मोजतात, काही ‘एक, दोन, तीन’. पाकिटात त्रिकोण आठच पडतात! सूचनापत्र चित्रांचं ठेवलंय, खाली मराठी आणि कन्नड दोन्ही. निपाणीइतकीच मागणी आता गोकाक-अथणीकडूनही येते. गणपती उठले की ऑर्डरी सुरू होतात आणि धनत्रयोदशीला आम्ही घेणं थांबवतो.

थोड्या मोठ्या मुलांसाठी अठरा चौकोन, आठ त्रिकोणांचा कंदील करून ठेवलाय. त्यात चौकोनाला चौकोन लागतो, म्हणजे जुना नियमच मोडतो. विक्रीला काढलेला नाही. आधी गल्लीतल्या तिसरी-चौथीच्या पोरांच्या हातून जाऊ दे.