आधी व्होल्टेज लिहून आणा

"साहेब, मशीन चालू आहे, फक्त वायर नाहीये," जुन्या बाजारातला विक्रेता म्हणाला. वायर नव्हती हे खरंच होतं. कुणीतरी तांब्यासाठी ती मागच्या बाजूला चार बोटं ठेवून कापून नेली होती. मशीन चालू आहे हे त्याला कसं कळलं, ते मी विचारलं नाही. रविवारी सकाळी आठ वाजता पुण्याच्या मंगळवार पेठेत असल्या प्रश्नांना अर्थ नसतो. सहा हजारांपासून सुरुवात झाली, 3,800 वर थांबलो आणि दहा-अकरा किलोचं ते धूड स्कूटरच्या पायाशी ठेवून घरी आणलं.

ते होतं टेक्ट्रॉनिक्स 465. दोन चॅनेल, 100 मेगाहर्ट्झ, 1972 साली बाजारात आलेलं मॉडेल. सिग्नलची लाट स्क्रीनवर दाखवणारं यंत्र. आपल्याकडे याला कुणी ऑसिलोस्कोप म्हणत नाही, सीआरओच म्हणतात, म्हणजे कॅथोड रे ऑसिलोस्कोप. डिप्लोमाला असताना आमच्या लॅबमध्ये इंदूरच्या सायंटिफिकचे, जर्मन हॅमेगच्या सहकार्याने बनलेले एचएम 203 होते, 20 मेगाहर्ट्झचे. चारातले दोन चालायचे आणि नॉबला हात लावला की सर ओरडायचे. टेक्ट्रॉनिक्सचं नाव फक्त पुस्तकातल्या फोटोखाली वाचलेलं. त्यामुळे भाव करताना माझा चेहरा नक्कीच काहीतरी सांगून गेला असणार. नाहीतर तो तीन हजारांतही देऊन गेला असता.

घरी आल्यावर पहिली गोष्ट बरी केली, ती म्हणजे लगेच प्लग लावला नाही. मागचा व्होल्टेज सिलेक्टर पाहिला तर तो 115 वर. आपले 230 त्यात सोडले असते तर ही हकिकत इथेच संपली असती. तो 230 वर केला. फ्यूजही बदलला, कारण व्होल्टेज दुप्पट म्हणजे करंट निम्मा, म्हणून फ्यूजही निम्म्याचा लागतो. नवी तीन पिनांची वायर जोडली आणि सिरीज बोर्डावर लावला. टीव्हीवाल्यांकडे असतो तोच, 100 वॅटचा बल्ब मशीनच्या सिरीजमध्ये. बल्ब भक्कन पेटून विझला तर ठीक, पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट. माझा ना धड विझला ना धड पेटला, लालसर मिणमिणत राहिला. स्क्रीन काळा.

आणि मग मी नेमकी चूक केली. काही न मोजता मदत शोधायला निघालो.

बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास, तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सचं काय मिळत नाही? एका रिपेअरिंगच्या दुकानात विचारलं. "सीआरओ? आता कोण करतं? डिजिटल घ्या ना." दुसऱ्याने न बघताच "ट्यूब गेली असेल", म्हणजे स्क्रीनची पिक्चर ट्यूब, म्हणून निदान दिलं. एका कॅलिब्रेशन करणाऱ्या कंपनीत फोन केला तर तपासणीचे पैसे आधी, आणि कंपनीने सपोर्ट बंद केलेलं मॉडेल असल्यामुळे पार्ट मिळाला नाही तर मशीन जसंच्या तसं परत. त्यांचंही खोटं नव्हतं. मी सगळीकडे एकच वाक्य बोलत होतो, "पेटत नाहीये." यावर कुणी काय करणार?

ट्रान्झिस्टर विकणाऱ्या एका दुकानदाराने मात्र पावतीच्या मागे एक नंबर लिहून दिला. पाषाणच्या बाजूला एका संशोधन संस्थेत तीस-पस्तीस वर्षं इन्स्ट्रुमेंट दुरुस्त करून निवृत्त झालेले एक काका. संध्याकाळी फोन केला.

"पेटत नाही म्हणजे काय होतं?"

"स्क्रीनवर काही येत नाही."

"ते स्क्रीनचं झालं. सप्लायचं विचारतोय. पाच व्होल्टेज आहेत त्यात. मोजलीत का?"

नव्हती मोजली.

"मग आधी व्होल्टेज लिहून आणा. शेजारी मॅन्युअलमधलं लिहा, समोर तुमचं. मग बोलू." आणि फोन ठेवला. मला जरा रागच आला होता.

या जुन्या टेक्ट्रॉनिक्सची मॅन्युअल म्हणजे शाळा आहे. इंटरनेटवर स्कॅन केलेल्या प्रती फुकट मिळतात. सर्किट कसं चालतं याचं वर्णन, डायग्राम, ठिकठिकाणची व्होल्टेज, आणि प्रत्येक स्क्रूसकट पार्टची यादी. फक्त एक बघायचं, आपला सिरीयल नंबर. अमेरिकेत बीव्हर्टनला बनलेल्यांचा नंबर बी अक्षराने सुरू होतो, ग्वेर्न्सी बेटावरच्यांचा 1 ने, सोनी-टेक्ट्रॉनिक्सच्या जपानी मशीनचा 3 ने, हॉलंडमधल्या हेरेनव्हेनच्यांचा 7 ने. यादीत एकाच जागी दोन-दोन पार्ट दिलेले असतात, "या नंबरपर्यंत हा, पुढे तो". माझं बीव्हर्टनचं निघालं. ते जुन्या बाजारात कसं पोचलं देव जाणे.

465 मध्ये सप्लाय पाच: 110, 55, 15, 5 आणि उणे 8 व्होल्ट. याखेरीज ट्यूबसाठी हाय व्होल्टेज, कॅथोडला उणे 2,450 आणि पुढे मल्टिप्लायरमधून हजारोंत. तिकडे हात घालायचा नाही हे ठरवूनच टाकलं होतं. उघड्या मशीनवर काम करताना डावा हात खिशात, बायको घरात आणि पायात रबरी चप्पल. शेवटचं काकांना सांगितलं तेव्हा ते हसले, म्हणाले, चप्पल राहू दे, अर्थिंग तपास.

कागदावर पाच ओळी लिहिल्या. 15 च्या समोर आकडा आला 0.4.

तो कागद घेऊन कर्वेनगरला काकांकडे गेलो. फोनवर तुटक बोलणारा माणूस कागद बघून एकदम सैलावला. "अहो"वरून दहा मिनिटांत "अरे"वर आले. "हे बघ, ही लाइन जमिनीला लागलीय. टँटलम. डोळे झाकून सांगतो."

टँटलम कंडेन्सर म्हणजे थेंबासारखे ते रंगीत मणी. आतला ऑक्साइडचा थर फुटला की ते उघडे पडत नाहीत, शॉर्ट होतात, आणि सप्लायच्या लाइनवर असले की सगळी लाइन खाली ओढतात. अडचण ही की 15 च्या लाइनवर ते एक नाही, बोर्डाबोर्डावर बसलेत. एकेक उपटत बसायचं? काकांनी युक्ती सांगितली. मशीन बंद. बाहेरच्या बेंच सप्लायमधून त्या लाइनवर व्होल्टभर, करंट एका अँपिअरला बांधून सोडायचा. मग मीटर मिलिव्होल्टवर ठेवून बोर्डावरच्या तांब्याच्या पट्टीपट्टीने पुढे सरकायचं. करंट ज्या दिशेने धावतो तिकडे व्होल्टेज घटत जातं, आणि जिथे सगळ्यात कमी, तिथे चोर. त्याआधी जे बोर्ड कनेक्टरने सुटतात ते सोडवून घ्यायचे, म्हणजे निम्मं रान आपोआप मोकळं होतं.

दोन संध्याकाळी लागल्या. चोर सापडला तेव्हा तो दिसायला इतरांपेक्षाही चकचकीत होता. बोटाला कोमट लागला, एवढाच पुरावा.

तपकीर गल्लीत पुन्हा गेलो. या वेळी कागदावर लिहून: 10 मायक्रोफॅरड, 35 व्होल्ट, टँटलम. दोन मिनिटांत मिळाला. 15 च्या लाइनवर 35 व्होल्टचा घ्यायचा, टँटलमला काठावर ठेवू नये. तिथेच मला दुसरी गंमत कळली. मॅन्युअलच्या यादीत ट्रान्झिस्टरला टेक्ट्रॉनिक्सचे स्वतःचे नंबर असतात. 151 ने सुरू झाला की ट्रान्झिस्टर, 152 म्हणजे डायोड, 155 म्हणजे त्यांनी स्वतः बनवलेली आयसी, 290 म्हणजे इलेक्ट्रोलायटिक नाहीतर टँटलम. 151-0190-00 हा नंबर दुकानात सांगितला तर कुणी डोकं वर काढणार नाही. पण जुन्या क्रॉस रेफरन्समध्ये बघितलं की कळतं, तो साधा 2एन3904 आहे, कुठेही मिळणारा. 151-0188-00 म्हणजे त्याचा भाऊ 2एन3906. अर्थात सगळेच असे सरळ निघत नाहीत. काही त्यांनी निवडून, जोड्या लावून घेतलेले असतात, आणि 155 वाली आयसी गेली तर दुसऱ्या मेलेल्या मशीनमधून काढण्यावाचून इलाज नाही.

कंडेन्सर बसवला. सिरीज बोर्ड. बल्ब पेटला आणि मावळला. अर्ध्या मिनिटाने स्क्रीनवर हिरवी रेघ. मुलगी म्हणाली, "बाबा, एवढ्यासाठी?" हो, एवढ्यासाठी.

ॲटेन्युएटरचे, म्हणजे आत येणारा सिग्नल कमी-जास्त करण्याचे, नॉब फिरवले की रेघ उड्या मारायची. त्यावर कुणीही कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारेल. मारू नका. आत सोन्याचा मुलामा दिलेल्या नाजूक पट्ट्या कॅमवर उचलल्या जातात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेली जाड कागदाची पट्टी त्यांच्यात सरकवून अलगद ओढायची, बस. ॲसिटोन, टोल्यूइन वगैरे तर लांबच ठेवा, प्लास्टिक खातं. मॅन्युअलमध्येही तशी ताकीद आहे.

खरी कसोटी पुढे होती. सिग्नल दिला तर तो स्क्रीनवर थांबेना. ऑटोवर रेघ पळत राही, नॉर्मलवर काळोख. म्हणजे लाट दर वेळी एकाच जागी सुरू करून स्थिर ठेवणारं सर्किट, ट्रिगर, मेलं होतं. या वेळी फोन करण्याआधीच कागद भरला. काकांनी विचारलं, "बी ट्रिगर चालतो?" या मशीनमध्ये रेघ ओढणारी सर्किटं दोन, ए आणि बी, आणि प्रत्येकाचा ट्रिगर वेगळा. बी चा चालत होता. "मग झालं की! एकाच डब्यात जवळजवळ सारखंच सर्किट दोनदा आहे. एकावर मोज, दुसऱ्यावर मोज, फरक पडेल तिथे थांब." ही गोष्ट इतकी सोपी आहे आणि मला सुचली नव्हती. मॅन्युअलमधला आकडा आदर्श मशीनचा, पण शेजारचं जिवंत सर्किट आपल्याच मशीनचं, आपल्याच वयाचं.

फरक सापडला तो टनेल डायोडवर. हा डायोड तरुण वाचकांनी बहुधा पुस्तकातच पाहिला असेल. जपानच्या लिओ एसाकींनी 1957 मध्ये शोधला, 1973 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. व्होल्टेज वाढवलं की करंट आधी चढतो आणि मग उलटा उतरतो. त्या उताराच्या बळावर तो एका स्थितीतून दुसरीत विलक्षण वेगाने उडी मारतो, आणि त्या काळात 100 मेगाहर्ट्झच्या ट्रिगरला तशीच उडी हवी होती. बी कडचा शंभरपेक्षा कमी मिलिव्होल्ट आणि अर्धा व्होल्ट यांच्यात उड्या मारत होता. ए कडचा शून्यावर बसून होता.

तपकीर गल्लीत टनेल डायोड मागितला. एका दुकानदाराने "झेनर का?" विचारलं. दुसऱ्याने मालकांना आतून बोलावलं. मालक सत्तरीचे, म्हणाले, "1985 नंतर कुणी मागितला नाही. तुम्ही कुठून आलात?" मी म्हटलं वारज्याहून. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर एका ओळखीच्याला विचारायला लावलं, तिथेही नाही. परदेशात मिळतो. ओरेगनमध्ये कंपनीच्या जुन्या लोकांनी उभं केलेलं विंटेजटेक हे संग्रहालय आहे, ते दान आलेले पार्ट विकतं. आणखीही एक-दोन विक्रेते आहेत. पण तांदळाएवढ्या वस्तूला पार्टपेक्षा टपाल महाग, वर कस्टम. मी तरी मनाची तयारी केली होती.

काकांना सांगायला गेलो तर त्यांनी मुलाला माळ्यावर चढवलं. खाली आला 465 चाच सांगाडा. ट्यूब फुटलेली, समोरचे नॉब गेलेले, संस्थेच्या भंगार लिलावातून त्यांनीच कधीतरी घेतलेला. मी पहिल्यांदा फोन केला तेव्हाही तो माळ्यावरच होता. "तेव्हाच का नाही सांगितलंत?" ते म्हणाले, "तेव्हा तुला काय हवंय ते तुलाच माहीत नव्हतं. सगळा बोर्ड उपसून नेला असतास."

डायोड काढण्याआधी त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. एक, जुन्या काट्याच्या मीटरने एकपट ओहमच्या रेंजवर तपासायचा नाही. तो मीटर शंभर मिलिअँपच्याही वर सोडतो, आणि हा डायोड मोजक्या मिलिअँपचा जीव, तपासतानाच मरायचा. दोन, सोल्डरिंग करताना पायाला चिमटा धरायचा, उष्णता चिमट्यात जाऊ दे. मी धरला, तरी हात थरथरत होता.

बसवला, कॅलिब्रेटरची 1 किलोहर्ट्झची चौकोनी लाट दिली, लेव्हलचा नॉब फिरवला. लाट जागच्या जागी थांबली.

पैसे विचारले तर काकांनी विषय बदलला. मग पुढच्या रविवारी स्कूटरवर मशीनच त्यांच्याकडे नेलं. त्यांनी आधी पाचही व्होल्टेज स्वतः मोजली, 55 चा प्रीसेट (आतला जुळवणीचा स्क्रू) नखाएवढा फिरवला, रिपल (सप्लायमधली थरथर) बघितला आणि माझाच तो पहिला कागद मागितला. 0.4 च्या शेजारी लाल पेनाने 15.02 लिहिलं, खाली तारीख, खोलीचं तापमान 24. आणि त्याखाली: एप्रिलमध्ये पुन्हा मोजणे.