मूत्रपिंडाची इजा आणि तापमानाचा काटा

उंदरामध्ये मूत्रपिंडाची तीव्र इजा घडवण्याचे तंत्र प्रशिक्षणात प्रथमच स्वतःच्या हातांनी करताना मला शस्त्रक्रियेपेक्षा तापमान राखणेच अधिक कठीण गेले. भूल दिलेल्या उंदराच्या मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्यांना सूक्ष्म चिमटा लावला, की ते लवकरच काळपट जांभळे होते आणि साधारण २० ते ३० मिनिटांनी चिमटा काढल्यावर पुन्हा गुलाबी होऊ लागते; मात्र या अवधीत शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सियसवरून एक-दोन अंशांनी जरी उतरले, तरी इजा सौम्य होते आणि २४ तासांनंतर रक्तात मोजलेल्या क्रिएटिनिनची (मूत्रपिंड नीट काम करत नसले की रक्तात साठणारा टाकाऊ पदार्थ) इतर उंदरांशी तुलना करता येत नाही. माझ्या पहिल्या उंदराचे नेमके हेच झाले, आणि त्या जिवाला दिलेला त्रास वाया गेल्याची खंत मला अजूनही आहे. आता भूल देण्यापूर्वीच मी उष्ण गादी आणि वेदनाशामक दोन्ही तपासून ठेवते.