रफार – बाकी

चौथीत मी या शाळेत आलो तेव्हा मराठीचं पुस्तक घडाघडा वाचायचो. म्हणजे, तसं सगळ्यांना वाटायचं. घरी ताई मोठ्याने वाचायची, ते ऐकून पाठ व्हायचं, आणि वर्गात चित्र बघून मी धडा म्हणून टाकायचो. लिहायला बसलो की पितळ उघडं. ‘घर’चं ‘धर’, ‘भात’चा ‘मात’. आधीच्या शाळेत याला आळस म्हणत. हातावर पट्ट्याही बऱ्याच खाल्ल्या.

इथल्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात चित्रावर तळहात ठेवला आणि मधल्याच एका ओळीवर बोट टेकवलं. मी गप्प. बाई रागावल्या नाहीत. आधी डोळे आणि कान तपासून आणायला सांगितले, दोन्ही ठणठणीत. मग ‘टमीक’, ‘लुपन’ असले शब्द वाचायला दिले. अर्थच नाही, तर पाठांतर काय कामाचं? ‘पाऊस’मधला ‘पा’ काढला तर काय उरतं, हे सांगतानाही मला घाम फुटला. गोष्ट ऐकवून विचारलेला एकही प्रश्न मात्र चुकला नाही. “डोकं छान आहे याचं, अक्षराची आणि आवाजाची गाठ बसत नाहीये,” बाई आईला म्हणाल्या. पुढे तज्ज्ञांच्या चाचण्यांतही तेच निघालं: डिस्लेक्सिया.

खूप नंतर वाचनात आलं की १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी अशाच एका चौदा वर्षांच्या मुलाची हकिकत छापली होती. गणितात हुशार, पण स्वतःचं नाव लिहितानाही अक्षरांची अदलाबदल! मला भाऊ भेटल्यासारखं वाटलं.

रोज अर्धा तास फक्त माझा असे. ताटात वाळू, बोटाने अक्षर गिरवायचं आणि गिरवतानाच त्याचा आवाज काढायचा. पहिली वेलांटी माझी जुनी वैरीण. दिसते अक्षराच्या आधी, बोलायची नंतर! बाई ती लाल खडूने काढायच्या. “हिला म्हणावं, थांब जरा. आधी अक्षर.”

बाईंची एक वही होती. मी चुकलो की ते तिच्यात उतरायचं आणि उद्याचा धडा त्यातूनच निघायचा. पक्कं झालं की बरोबरची खूण. खूण नाही तर पुढचं अक्षर नाही, वर्ग कुठल्या का धड्यावर असेना.

शाळा सोडताना त्यांनी ती वही मला दिली. शेवटच्या पानावर खूण नसलेली एकच नोंद आहे: ‘रफार – बाकी’. हा मजकूर पाठवण्याआधी मुलीला दाखवला, तर तिला तीन सापडले.