दोनशे वर्षांचं लाकडी घर आणि आमचं मातीचं धाबं

न्यूझीलंडमध्ये युरोपियनांनी बांधलेली जी सगळ्यात जुनी इमारत आज उभी आहे, ती आपल्या पारोळ्याच्या किल्ल्यापेक्षा जवळजवळ शंभर वर्षांनी लहान आहे. पारोळ्याचा किल्ला १७२७ चा सांगतात. केरीकेरी गावातलं मिशन हाऊस, म्हणजेच केम्प हाऊस, १८२१-२२ सालचं. इंग्रजांनी १८१८ मध्ये खानदेश घेतला, त्याच्याही नंतरचं. ऑकलंडहून तिकडे जाताना नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हा हिशोब सांगितला, तर ते म्हणाले, "हाई देखाले तीन घंटा जानं?"

नानांचं चुकलं नाही. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख आहे. आजोबांचा सिद्धान्तशिरोमणी शिकवायला मठ काढल्याचं त्यात लिहिलंय. शके ११२८ चा तो, म्हणजे इसवी सन १२०६-०७ च्या सुमाराचा. माओरी लोक होड्यांतून न्यूझीलंडला पोचले ते अभ्यासकांच्या मते साधारण १२५० ते १३०० च्या दरम्यान. म्हणजे पाटणला गणिताचा मठ निघाला तेव्हा या अख्ख्या देशात एकही माणूस नसावा. अजिंठा-पितळखोऱ्याची तर गोष्टच काढायला नको. अशा मुलखातून आलेल्या माणसाला इथलं 'जुनं' दाखवायचं म्हणजे जरा धाडसच!

पण केम्प हाऊस बघताना नाना गप्प झाले, कारण ते घर आहे. आपल्याकडे हजार वर्षांचं जे उरलंय ते देवाचं नाहीतर राजाचं: लेणी, देवळं, किल्ले. इथे उरलंय ते मिशनऱ्यांचं राहतं घर. दोन मजले, आडव्या फळ्यांच्या भिंती, समोर ओटी म्हणावी असा व्हरांडा. लाकूड मुख्यतः कौरीचं, म्हणजे इथला साग समजा. सरळसोट वाढणारं प्रचंड झाड. यंत्र नव्हतं, तेव्हा ओंडका खड्ड्यावर आडवा ठेवून एक जण वर, एक खाली, अशी करवत ओढून फळ्या काढायचे. त्या कामात माओरी माणसंही होती. हॉंगी हिका या माओरी सरदाराने पाठीशी घातलं म्हणून मिशन तिथे टिकलं. त्याचा कोरोरिपो 'पा', म्हणजे तटबंदीची टेकडी, हाकेच्या अंतरावर आहे.

१८३२ मध्ये केम्प कुटुंब त्या घरात राहायला आलं. जेम्स केम्प लोहार होता आणि मिशनचं कोठारही सांभाळायचा. त्याच्या वंशजांनी घर सोडलं ते १९७४ मध्ये, आणि विकलं नाही, वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेला देऊन टाकलं. १४२ वर्षं एकाच कुटुंबाची चूल! लाकडी घर इतकं टिकलं त्याचं निम्मं श्रेय मी कौरीला देईन आणि निम्मं, छप्पर गळलं की त्याच आठवड्यात वर चढणाऱ्या कुठल्यातरी केम्पला. आईला मात्र घरापेक्षा शेजारचं नासपतीचं झाड आवडलं. ते १८१९ मध्ये लावलेलं आहे आणि अजून फळं धरतं.

एक गोष्ट खटकते. माओरींच्या घरांचं काय? लाकूड, लव्हाळं, गवत यांची ती घरं या पावसात फार टिकणारी नव्हतीच. पण १८४० च्या दशकातलं एक कोरीव सभागृह, 'ते हाऊ की तुरांगा' नावाचं, आजही आहे. १८६७ मध्ये सरकारने ते उचलून नेलं. आता ते वेलिंग्टनच्या 'ते पापा' संग्रहालयात आहे, आणि मालकी मूळच्या रोंगोव्हाकाता लोकांना परत मिळाली आहे. जुन्या इमारतींची यादी वाचताना कोणाची घरं टिकू दिली आणि कोणाची नाही, हेही वाचावं लागतं.

केम्प हाऊसच्या शेजारी स्टोन स्टोअर आहे, १८३२ ते ३६ मध्ये बांधलेलं, देशातलं सगळ्यात जुनं दगडी बांधकाम. काळा दगड म्हटल्यावर आपल्याला काय नवल! आत दुकान आहे, महाग आहे, पुढे चला.

खरी गंमत रसेल गावात, फेरीने गेल्यावर. तिथली पॉम्पालिये मिशनची इमारत १८४२ मध्ये पुरी झाली. फ्रेंच पाद्री, हातात पैसा कमी, म्हणून त्यांनी ल्यों भागातली रीत वापरली: फळ्यांचा साचा उभा करायचा, त्यात ओलसर माती टाकून कुटायची, साचा वर सरकवायचा, पुन्हा माती. वर चुना. आत छापखाना होता, माओरी भाषेतली पुस्तकं छापायची. बांधणीचं कातडंसुद्धा तिथेच कमवायचे.

नानांनी भिंतीजवळ जाऊन पाहिलं आणि गाइडबाईंना मराठी-अहिराणी-इंग्रजीच्या मिसळीत धाब्याचं घर, म्हणजे सपाट मातीच्या छपराचं घर, समजावायला घेतलं. भिंतीचे रद्दे, म्हणजे थर, कसे चढवतात, सागाचे सर, म्हणजे तुळया, त्यावर कड्या, किलचन, म्हणजे बारीक लाकडांचा थर, मग पाला आणि वर गढीची पांढरी माती. मृगाआधी तिचा नवा थर दिला नाही तर घरात धार लागते. मी दुभाषा. बाईंनी विचारलं, भिंतीला पाऊस लागत नाही का? नाना म्हणाले, आमच्याकडे पाऊसच कुठे आहे.

१९८१ मध्ये केरीकेरीच्या नदीला मोठा पूर आला आणि पाणी या जुन्या इमारतींत शिरलं. शेजारचा पूल पाणी अडवतो, असं निघालं. शेवटी गावाबाहेरून नवा रस्ता काढला आणि २००८ मध्ये तो पूल काढून टाकला. दोन इमारतींसाठी रस्ता वळवला, हे नानांना पटेना. परतताना गाडीत तेवढाच विषय.

गावातलं आमचं धाबं चुलतभावाच्या वाटणीला गेलंय. दिवाळीनंतर पाडून स्लॅब टाकायचा त्याचा बेत आहे. माती टाकायला गडी मिळत नाहीत, गढी पोखरून संपत आली. त्याचं म्हणणं खोटं नाही, आणि मी इथे बसून 'पाडू नको' सांगणं शोभतही नाही. नानांनी गाडीतूनच त्याला फोन लावला. सर घ्यायला जुन्या लाकडाचा व्यापारी मोजमाप करून गेला होता. "ओसरी ऱ्हाऊ दे, मांगे बांध," नाना म्हणाले. मागे खळ्याची जागा आहे. तो म्हणाला, बायकोला विचारून सांगतो.